गोवा १९६१: ख्रिस्ती श्रद्धा, देशनिष्ठा आणि लष्करी कारवाई (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की ख्रिस्ती युवक मंडळांत, वसई-मुंबईच्या धर्मग्रामांत आणि गोव्यातल्या घरांत काही प्रश्न हमखास निघतात. पोर्तुगीज गेले ते बरे झाले, पण सैन्य घालून घेतलेला प्रदेश ख्रिस्ती नीतीत बसतो का? त्या वेळी कॅथलिक कोणाच्या बाजूला होते? आज कोणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तर तो देशद्रोह का? आमची भूमिका आधीच सांगतो. गोव्यातले पोर्तुगीज राज्य आणि गोव्यातला ख्रिस्ती धर्म या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि हे सर्वांत आधी गोमंतकीय कॅथलिकांनीच ओळखले. मुक्तीचा आनंद मानणाऱ्यानेही त्या कारवाईला नीतीची पूर्ण कसोटी लावली पाहिजे. त्याने देशनिष्ठा कमी होत नाही.

ऑपरेशन विजय (डिसेंबर १९६१ची भारताची गोवा मोहीम) ही ख्रिस्ती राज्याविरुद्धची धार्मिक लढाई होती का?

नाही. पोर्तुगालच्या प्रचाराने ती तशी रंगवली. ‘पूर्वेकडची ख्रिस्ती संस्कृती धोक्यात’ हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा आवडता मुद्दा होता. पण जुलै १९५५मध्ये पंडित नेहरू रोममध्ये पोप बारावे पायस यांना भेटले आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, असेच पोपही मानतात हे त्यांनी नंतर सांगितले. शिवाय भारतीय चर्च तोवर स्वतःच्या पायावर उभे होते. मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले होते, आणि त्यांचे घराणे मूळ गोव्याचे.

मग चर्च आणि पोर्तुगीज सत्ता यांची गाठ नेमकी कशी बांधलेली होती?

पाद्रोआदो या व्यवस्थेने. पंधराव्या शतकापासून पोपांनी पोर्तुगालच्या राजाला आशियातल्या चर्चचा आश्रयदाता मानले होते. राजाने चर्च बांधायची, धर्मगुरूंना पगार द्यायचा आणि बदल्यात बिशपपदासाठी नाव सुचवायचे. त्यामुळे गोव्यात वेदी आणि सरकारी खजिना एकमेकांना चिकटले. १९४०मध्ये पोर्तुगाल आणि होली सी (पोपचे शासन) यांच्यात झालेल्या करारांनी वसाहतींतल्या मिशनकार्याला पुन्हा सरकारी आधार दिला. १९५०च्या कराराने मात्र भारतातल्या, पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या धर्मप्रांतांवरचा हा हक्क पोर्तुगालने सोडला. १९६१मध्ये गोव्याचे आर्चबिशप होते जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ, जन्माने पोर्तुगीज, पदवीने ‘पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क’. सत्तांतरानंतर व्हॅटिकन सभेसाठी (जगभरच्या बिशपांच्या महासभेसाठी) ते रोमला गेले आणि गोव्यात परतले नाहीत. गोमंतकीय माणूस गोव्याचा आर्चबिशप व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. ते राऊल गोन्साल्विस.

गोव्यातले कॅथलिक पोर्तुगालच्याच बाजूने होते, हे खरे का?

काही होते. सरकारी नोकरी, पोर्तुगीज शिक्षण आणि मानमरातब ज्यांच्याकडे होता अशा घरांत पोर्तुगालविषयी खरी ओढ होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढची नावे पाहा.

१७८७मध्ये कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या आश्रयाने पोर्तुगीजांविरुद्ध कट झाला. त्यात पुढाकार कॅथलिक धर्मगुरूंचाच होता, कारण गोमंतकीय पाद्रींना वर्णामुळे वरची पदे नाकारली जात होती. कट फुटला आणि १५ जणांना देहदंड झाला. १९२८मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा कॅथलिक घराण्यातले. १९४६मध्ये त्यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात डांबले. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांच्या सभेमागे होते त्यांचे मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस. नॅशनल काँग्रेस गोवाचे नेतृत्व पीटर आल्वारिस यांनी केले. १९५४मध्ये दादरा मुक्त करणाऱ्या गटात फ्रान्सिस मास्कारेन्हस आघाडीवर होते. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्यासोबत १९५५ ते १९६१ जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवले. तेलो द मास्कारेन्हस तर मुक्तीनंतरही १९७०पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

म्हणून ‘ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजधार्जिणा’ हे वाक्य ऐकले की एवढी नावे समोर ठेवावीत. हे वाक्य बोलणाऱ्याला बहुतेक वेळा यांतले एकही नाव माहीत नसते.

राज्यसत्ता आणि शस्त्र याबद्दल बायबलमधले कोणते उतारे पाहावेत?

एकच उतारा कधीही घेऊ नये. निदान हे सहा एकत्र वाचावेत:

- मत्तय ५:३८–४८: वैऱ्यावर प्रीती करा.
- मत्तय २२:२१: कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला.
- लूक ३:१४: बाप्तिस्मा करणारा योहान शिपायांना नोकरी सोडायला सांगत नाही, जुलूम करू नका, पगारात समाधान माना, असे सांगतो.
- रोमकरांस पत्र १३:१–७: अधिकाऱ्यांच्या अधीन असा.
- प्रेषितांची कृत्ये ५:२९: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.
- यिर्मया २९:७: ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा.

सर्वांत जास्त गैरवापर रोम १३चा होतो. तो उतारा कोणत्याही एका राजवटीला कायमचा परवाना देत नाही, कारण तिथेच अधिकाऱ्याचे काम ‘तुझ्या हितासाठी’ असे सांगितले आहे. सालाझारचे समर्थकही रोम १३ काढत आणि हिटलरच्या काळातले काही जर्मन पाद्रीही. याच्या उलट टोकाला, फक्त मत्तय ५ वाचून ‘ख्रिस्ती माणसाला देश नसतोच’ म्हणणारे यिर्मया विसरतात.

‘न्याय्य युद्धा’च्या कसोट्या कोणत्या?

ऑगस्टीनने पाया घातला, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तीन अटी मांडल्या: युद्ध पुकारणारा योग्य अधिकारी, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. कॅथलिक कॅटेकिझमच्या (चर्चच्या अधिकृत धर्मशिकवणीच्या ग्रंथाच्या) २३०९ क्रमांकाच्या परिच्छेदात आणखी चार अटी आहेत, आणि चारही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: आक्रमकाने केलेले नुकसान टिकाऊ, गंभीर आणि निश्चित असावे, इतर सर्व उपाय निरुपयोगी ठरलेले असावेत, यशाची खरी शक्यता असावी, आणि शस्त्रांमुळे मूळ अन्यायाहून मोठा अनर्थ होऊ नये.

हे झाले युद्ध सुरू करण्यापुरते. युद्ध चालू असताना वेगळ्या दोन अटी लागतात: सामान्य नागरिकांवर हेतुपुरस्सर हल्ला करायचा नाही, आणि लष्करी फायद्याच्या मानाने विध्वंस जास्त करायचा नाही. युद्धानंतरचीही जबाबदारी असते: कैदी, जिंकलेले लोक, मालमत्ता, कायदा. हे तीन टप्पे वेगळे ठेवले नाहीत तर चर्चा हमखास भरकटते. योग्य कारणाचे युद्ध निर्दयपणे लढले जाऊ शकते आणि अन्याय्य युद्धातला शिपाईही कैद्याशी नीट वागू शकतो.

१५३९मध्ये सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को द व्हितोरिया या डॉमिनिकन धर्मगुरूने सांगितले की धर्म वेगळा असणे हे युद्धाचे न्याय्य कारण नव्हे, राज्यविस्तारही नव्हे. ही फूटपट्टी आधी नोव्हेंबर १५१०ला लावावी. आफोन्स द आल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा शहरातल्या मुस्लिमांची कत्तल झाली. चर्चच्याच परंपरेनुसार ते न्याय्य युद्ध नव्हते. पोर्तुगालला परमुलूख जिंकण्याची मुभा देणारी १४५५ची पोपची सनद ज्या विचारावर उभी होती, तो विचार व्हॅटिकनने मार्च २०२३मध्ये जाहीरपणे नाकारला.

या कसोटीवर ऑपरेशन विजय टिकते का?

आमच्या मते बहुतांशी टिकते, पण सगळीकडे सारख्या सहजतेने नाही. एकेक अट घेऊ.

कारण. ४५१ वर्षांची परकी सत्ता, १९३०च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना दिलेले दुय्यम स्थान, सभा-भाषण-वृत्तपत्रांवर बंदी. १५ ऑगस्ट १९५५ला सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक जण ठार झाले. नोव्हेंबर १९६१मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर आणि मग मच्छीमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. अंजदीवची घटना एकटी घेतली तर पूर्ण मोहिमेला ती पुरेशी नाही. खरे कारण वसाहतवादच होता, तेच प्रामाणिकपणे मांडावे.

अधिकार. निर्णय निवडून आलेल्या सरकारने घेतला. पण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाचा वापर मना करते आणि सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. १८ डिसेंबरला परिषदेत युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला ७ विरुद्ध ४ मते पडली. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. भारताचा युक्तिवाद असा की वसाहत म्हणजे चालूच राहिलेले आक्रमण, आणि डिसेंबर १९६०च्या आमसभेच्या ठरावांनी गोव्यासह पोर्तुगीज प्रदेश परतंत्र ठरवले होते. नैतिकदृष्ट्या हा युक्तिवाद भक्कम आहे. कायद्याच्या अंगाने त्यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो, तसा मतभेद असणाऱ्याला देशद्रोही म्हणू नये.

शेवटचा उपाय. इथे नोंदी भारताच्या बाजूने बोलतात. फेब्रुवारी १९५०मध्ये भारताने वाटाघाटी मागितल्या, पोर्तुगालने चर्चेचा विषयच नाही म्हटले. १९५१मध्ये त्याने वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव देऊन टाकले. जून १९५३मध्ये भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. मग सत्याग्रह, मग आर्थिक नाकेबंदी, मग हेगच्या न्यायालयातला दादरा-नगर हवेलीचा खटला, ज्यात एप्रिल १९६०च्या निकालाने पोर्तुगीज सैन्याला भारतातून जाण्याचा हक्क नाकारला. नाकेबंदीचा एक भाग मात्र टोचतो. तिचा मार लिस्बनला कमी आणि सामान्य गोंयकाराला जास्त बसला. मुंबईत धोबीतलावच्या कुडांत (गोमंतकीयांच्या सामाईक वसतिगृहांत) राहणारे खलाशी, आचारी, वाजंत्री आपल्या घरच्यांपासून तुटले. ‘युद्ध नको म्हणून नाकेबंदी’ हा उपाय आपोआप नैतिक ठरत नाही.

हेतू. ही सर्वांत अवघड अट. फेब्रुवारी १९६२मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते. टीकाकारांनी तेव्हाच बोट ठेवले. राजाजींसारख्या ज्येष्ठांना वाटले की अहिंसेचा उपदेश करणाऱ्या देशाने नैतिक अधिकार गमावला. राज्यकर्त्यांचे हेतू नेहमी मिसळलेले असतात. म्हणून अक्वायनसच्या अटीचा अर्थ असा घ्यावा: मोहिमेचे मुख्य उद्दिष्ट न्याय होते की सूड, लूट, द्वेष? सूडाची खूण दिसत नाही. मुहूर्त निवडण्यात राजकारण होते असे म्हणायला जागा आहे.

यश आणि प्रमाण. भारतीय सैन्य पोर्तुगीजांच्या कित्येक पट होते, म्हणून लढाई दोन दिवसांत संपली. भारताचे २२ जण गेले, पोर्तुगालचे तीसच्या आसपास. विमानांचे मुख्य लक्ष्य दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र होते, वस्त्या नव्हत्या. मोठे सैन्य वापरल्याने रक्त कमी सांडले, ही गोष्ट युद्धनीतीच्या पुस्तकी चर्चेत पुष्कळदा निसटते.

त्यानंतर. युद्धकैदी मे १९६२पर्यंत परत गेले. उशिराचा मोठा वाटा लिस्बनच्या अडेलपणाचा होता. चर्च, शाळा, मालमत्ता जागच्या जागी राहिल्या, पोर्तुगीज नागरी कायदा राहिला, डिसेंबर १९६३मध्ये विधानसभा निवडणूक झाली. एक गोष्ट मात्र राहिलीच: भारतात यायचे का, हे गोमंतकीयांना मतपेटीतून विचारले गेले नाही. पोर्तुगालनेही चार शतकांत एकदाही विचारले नव्हते हे खरे. तरी ज्याला ही उणीव वाटते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली, ती गद्दारी होती का?

१४ डिसेंबरला सालाझारने कळवले होते की तह नको, कैदी नकोत, सैनिक एकतर जिंकतील किंवा मरतील. हा आदेश न्याय्य युद्धाची ‘यशाची शक्यता’ ही अट सरळ मोडतो. निष्फळ मरणाचा हुकूम देण्याचा अधिकार कोणत्याच राज्याला नाही. माघारी जाताना पोर्तुगीजांनी पूल उडवले, पण पणजी राख झाली नाही, आणि १९ डिसेंबरला गव्हर्नरांनी शरणागतीवर सही केली. पोर्तुगालने त्यांना सैन्यातून काढले. १९७४च्या क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला. आज्ञापालनाची हद्द कुठे संपते हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आपल्या मातीत शोधूनही सापडणार नाही, आणि ते ‘शत्रू’च्या बाजूचे आहे म्हणून टाळू नये.

सर्वच ख्रिस्ती न्याय्य युद्ध मानतात का?

नाही. मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरेन पंथ शस्त्र पूर्ण नाकारतात. कॅथलिकांमध्येही हा सूर वाढला आहे. २०२०च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी लिहिले की आजच्या शस्त्रांमुळे जुन्या निकषांच्या आधारे ‘न्याय्य’ युद्धाविषयी बोलणे फार कठीण झाले आहे. ऑस्ट्रियातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला, ऑगस्ट १९४३मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. २००७मध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केले. त्याच्या गावच्या धर्मगुरूनेच नव्हे, बिशपनेही त्याला कुटुंबाचा विचार कर असे सांगितले होते.

ख्रिस्ती तरुणाने भारतीय सैन्यात जावे का? आणि हुकूम श्रद्धेच्या आड आला तर?

जायला धर्माची आडकाठी नाही. शताधिपती कर्नेल्य (प्रेषितांची कृत्ये १०) बाप्तिस्म्यानंतर नोकरी सोडतो असे कुठे लिहिलेले नाही. भारतात सक्तीची भरती नाही. जो जातो तो आपल्या मर्जीने जातो. सैन्यात धर्मशिक्षकांच्या जागा असतात आणि त्यांत पाद्रीही असतात.

आधी समजून घ्यायची गोष्ट अशी. १९५०च्या आर्मी ॲक्टचे कलम ४१ वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडणे हा गुन्हा ठरवते. सदसद्विवेकाच्या कारणावरून अमुक कामातून सूट मागण्याची स्वतंत्र तरतूद आपल्याकडे नाही. रेजिमेंटच्या पूजेच्या वेळी मंदिराच्या गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याला २०२१मध्ये बडतर्फ केले गेले. मे २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. म्हणजे असा नकार नोकरी घालवू शकतो, हे भरतीआधीच जाणून घ्यावे.

श्रद्धेच्या बाजूने २ राजे ५:१८–१९ वाचावे. सीरियाचा सेनापती नामान, इस्राएलच्या देवावर विश्वास बसल्यावर, अलीशाला विचारतो: राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनच्या मंदिरात नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते, मला क्षमा होईल का? संदेष्टा त्याला म्हणतो, शांतीने जा. सर्व ख्रिस्ती यावरून एकच निष्कर्ष काढत नाहीत. आमचा सल्ला असा की ही मर्यादा भरतीआधी आपल्या धर्मगुरूशी बोलून ठरवावी, आणि पलटणीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कमांडिंग ऑफिसरला तोंडी आणि लेखी, आदराने सांगावी. प्रसंग समोर उभा राहिल्यावर अचानक नकार दिला की तो अवज्ञाच दिसतो.

राष्ट्रगीत न म्हणणारा ख्रिस्ती देशद्रोही ठरतो का?

कायद्याने नाही. केरळमधल्या तीन यहोवा विटनेस मुलांना १९८५मध्ये शाळेतून काढले होते. ती आदराने उभी राहत, पण गात नसत. ऑगस्ट १९८६मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बहुतेक चर्च राष्ट्रगीताला प्रार्थना मानत नाहीत आणि आनंदाने गातात, आम्हीही गातो.

मुक्तीनंतर पोर्तुगीज राहू इच्छिणाऱ्यांचे काय झाले?

मार्च १९६२च्या नागरिकत्व आदेशाने गोमंतकीय भारतीय नागरिक झाले. जुने नागरिकत्व ठेवायचे असेल तर एका महिन्यात लेखी घोषणा करायची होती. मॉन्सिन्योर सेबास्तियांव मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी तशी घोषणा केली आणि गोव्यातच राहिले. परवान्याची मुदत संपल्यावर त्यांच्यावर विदेशी नागरिक कायद्याखाली खटला झाला: ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड. जिनिव्हा करारांनुसार गोवा ‘व्यापलेला प्रदेश’ आहे, मला हलवता येणार नाही, असे ते म्हणाले. मार्च १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. प्रदेश भारतात पूर्ण सामील झाला, लष्करी ताब्याची स्थिती संपली, असा निष्कर्ष. निकाल योग्यच वाटतो. पण त्या माणसाने काही लपवले नाही, उघडपणे शिक्षा भोगली, हेही तितकेच नोंदवावे.

याच काळातली दुसरी बाजू: पोर्तुगीजांच्या तुरुंगात १३ वर्षांहून अधिक काळ काढलेले गोवा मुक्तिसैनिक मोहन रानडे जानेवारी १९६९मध्ये सुटले. त्यांच्यासाठी तामिळ नेते सी. एन. अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला होता.

१९६७च्या जनमत कौलात ख्रिस्ती मतदार महाराष्ट्रात विलीन व्हायला विरोध करत होते. ती निष्ठेची कसोटी होती का?

अजिबात नाही. १६ जानेवारी १९६७ला प्रश्न होता महाराष्ट्र की केंद्रशासित प्रदेश. दोन्ही पर्याय भारतातलेच. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. केवळ ख्रिस्ती मतांवर हा निकाल लागूच शकला नसता, पुष्कळ हिंदूंनीही ‘दोन पानां’वर, म्हणजे केंद्रशासित प्रदेशाच्या निशाणीवर, शिक्का मारला. महाराष्ट्रात आजही कधी कधी याचा राग ‘त्यांनी दगा दिला’ या शब्दांत निघतो. मराठी वाचकांनी हा राग सोडावा असे आम्हाला मनापासून वाटते.

राष्ट्रीय दिवशी चर्चमध्ये काय करावे, काय टाळावे?

१५ ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सणही असतो, त्यामुळे मिस्सा त्या सणाचीच असते. ध्वजवंदन मिस्सेनंतर चर्चच्या आवारात ठेवावे, वेदीजवळ नको. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत चार विनंत्या पुरतात: देशाच्या राज्यकर्त्यांसाठी, सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी, शत्रू म्हटल्या जाणाऱ्या लोकांसाठी. नेहमी गळते ती चौथी. ‘विजय मिळो’ यापेक्षा ‘न्यायाने शांती मिळो’ अशी प्रार्थना करावी. हा शब्दांचा खेळ नाही: प्रार्थनेत ‘विजय’च्या जागी ‘शांती’ म्हटल्याबद्दल मॉस्कोतल्या एका ऑर्थोडॉक्स धर्मगुरूला २०२३मध्ये याजकपदावरून दूर केले गेले.

या विषयावर गटचर्चा कशी घ्यावी?

१० ते १५ जण, दोन तास. पहिली २० मिनिटे फक्त तारखा: १९५०, १९५३, १९५५, १९६०, नोव्हेंबर आणि डिसेंबर १९६१. मत मांडायला तेवढा वेळ बंदी. मग तिघा-तिघांचे गट करून प्रत्येकाला एक अट द्यावी, ३० मिनिटे. प्रत्येक गटाने अटीच्या बाजूचा एक आणि विरोधातला एक पुरावा लिहून आणावा. एकच बाजू आणली तर परत पाठवावे. बायबलचे सहा उतारे त्यानंतर वाचावेत, कारण आधी वाचले की लोक इतिहास उताऱ्यांत बसवू लागतात.

चर्चा फसते ती बहुधा तीन ठिकाणी. ‘शेवटी चांगलेच झाले ना’ म्हणून निकालालाच पुरावा मानले जाते. गोव्याबरोबर काश्मीर, बांगलादेश सगळे एकदम काढले जाते. आणि गटातल्या एखाद्या आजोबांना पोर्तुगीज काळ आवडत असे म्हणून त्यांना गप्प बसवले जाते. त्यांना बोलू द्यावे, मग कुन्हांची आणि पिंतोंची नावे मांडावीत.

हीच कसोटी दुसऱ्या देशांच्या कारवाईला लागते का?

लागते, आणि उत्तरे वेगळी येतात. २००३मध्ये इराकवर हल्ला होऊ नये म्हणून पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्चमध्ये कार्डिनल पिओ लागी यांना अध्यक्ष बुश यांच्याकडे पाठवले. शस्त्रतपासणी चालू होती, म्हणजे शेवटचा उपाय आलेला नव्हता. तिथे मोडलेल्या सुव्यवस्थेची फार मोठी किंमत इराकच्या प्राचीन ख्रिस्ती समाजाने मोजली. २०१४मध्ये मोसुल त्यांच्यापासून जवळपास रिकामे झाले. युद्ध पुकारणारा नेता ख्रिस्ती आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

गोवा, दमण, दीवचे लोक आज पोर्तुगीज नागरिकत्व घेतात. हा देशद्रोह, की पाप?

दोन्ही नाही, पण लपवाछपवी पाप आहे. मुक्तीपूर्वी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो आणि त्यांची मुले-नातवंडेही जन्मनोंदणी करून हक्क सांगू शकतात. हिंदू आणि मुस्लिम कुटुंबेही असे करतात, हा केवळ ख्रिस्ती विषय नाही. बहुतेकांना हवे असते युरोपात काम.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदार यादीतून नाव काढून घ्यावे लागते आणि येणे-जाणे सोपे राहावे म्हणून ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्डासाठी अर्ज करता येतो. गोची होते ती नोंदणी आणि पासपोर्ट यांच्या मधल्या काळात: लिस्बनमध्ये जन्मनोंद झाली, पोर्तुगीज पासपोर्ट अजून काढलेला नाही, अशा स्थितीत आपण कायद्याने कोण आहोत यावर वाद होतात. नोंदणी करण्यापूर्वीच वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा आणि नोंदणीनंतर मतदान करू नये, निवडणूक तर लढवूच नये. दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून सीमेवर हवा तो दाखवणे हे खोटे बोलणे आहे, आणि फादरांकडे पापनिवेदनात सांगून कायद्यातून सुटका होत नाही.